ठिणगी कोठे हरवली?

जुनी मोटार रस्त्यात बंद पडली तर कोणालाच नवल वाटत नाही. नवल वाटते ते बंद पडलेली मोटार पाव तासाने, कोणी हात न लावता, पुन्हा सुरू होते तेव्हा. जी गाडी बंदच आहे तिच्यातील दोष शोधता येतो. पण जी कधी चालते आणि कधी चालत नाही तिच्यात काय शोधायचे? अशाच एका गाडीने आम्हां पदार्थविज्ञान शिकवणाऱ्यांना एक चांगला धडा शिकवला. तो धडा आज आपण क्रमाने समजून घेऊ या.

आमच्या महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळाकडे एक जुनी पेट्रोल व्हॅन आहे. तीन सिलिंडरचे एंजिन, कार्बोरेटर, आणि ठिणगीसाठी जुन्या पद्धतीची कॉइल व डिस्ट्रिब्यूटर. या व्हॅनमध्ये प्रयोगांचे साहित्य भरून आम्ही खेड्यांतील माध्यमिक शाळांत जातो. ज्या शाळांत प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट असते, तेथील मुले वर्षातून एकदा स्वतःच्या हाताने भिंगे, चुंबक, विद्युत्घट हाताळतात ती या गाडीमुळे.

मागच्या वर्षी ही गाडी दगा देऊ लागली. सकाळी नीट सुरू होई, वीस-पंचवीस मिनिटे उत्तम चाले, आणि मग एकाएकी बंद पडे. पंधरा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू! एकदा तर वाईहून पाचगणीकडे जाताना पसरणीच्या घाटात, ऐन चढावर, एंजिन थांबले. मागे भरलेला मालट्रक होता. ड्रायव्हरकाकांनी हातब्रेक ओढला, आमच्या दोन विद्यार्थ्यांनी उतरून चाकामागे दगड लावले, म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बजावले, “महिनाभरात गाडी भरवशाची झाली तर ठीक. नाही तर ती भंगारात काढू आणि दौरे बंद करू. मुलांचा जीव धोक्यात घालता येणार नाही.” त्यांचे म्हणणे योग्यच होते.

तोपर्यंत दुरुस्त्या काही कमी झाल्या नव्हत्या. मिस्त्रींनी कार्बोरेटर उघडून कचरा काढला, पेट्रोलपंप साफ केला, तिन्ही प्लग बदलले. प्रत्येक वेळी गाडी चार दिवस बरी चाले आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी माझा सल्ला विचारला गेला. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “गाडी तापल्यावर बंद पडते. तापल्यावर तारेचा रोध वाढतो. तेव्हा कॉइल खराब आहे.” नवी कॉइल आली, पैसे खर्च झाले. आठवड्याने गाडी पुन्हा बंद पडली.

माझे कोठे चुकले हे कळण्यासाठी आधी ठिणगी कशी तयार होते ते पाहू या.

बारा व्होल्टपासून वीस हजार व्होल्ट

पेट्रोल एंजिनात पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि ठिणगीने पेटवले जाते. प्लगच्या दोन टोकांतील फट जेमतेम पाऊण मिलिमीटर असते. पण दाबलेल्या वायूतून ठिणगी उडवण्यासाठी तेथे दहा हजार व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक विभवांतर लागते. गाडीतील बॅटरी तर फक्त १२ व्होल्टची! हे अंतर कसे भरून काढायचे?

उत्तर मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दिले. वेटोळ्यातून जाणारे चुंबकक्षेत्र बदलले की त्या वेटोळ्यात विद्युत्दाब निर्माण होतो. आणि हा बदल जितका झटपट, तितका दाब मोठा. यालाच विद्युत्चुंबकीय प्रवर्तन म्हणतात. १८३६ साली आयर्लंडमधील निकोलस कॅलन यांनी या तत्त्वावर प्रवर्तन कॉइल तयार केली. १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी व कॉइलची प्रज्वलन पद्धत मोटारीत आली आणि पुढे कित्येक दशके जगभरच्या मोटारी तिच्यावर चालल्या.

कॉइलमध्ये एकाच लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी असतात. प्राथमिक वेटोळे जाड तारेचे, थोड्या वेढ्यांचे. दुय्यम वेटोळे केसासारख्या बारीक तारेचे, सुमारे शंभर पट वेढ्यांचे. बॅटरीचा प्रवाह चावीतून प्राथमिक वेटोळ्यात जातो. तेथून तो डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटमधून गाडीच्या धातूच्या सांगाड्यात, म्हणजे ‘अर्थ’मध्ये जातो आणि बॅटरीकडे परततो. पॉइंट म्हणजे एंजिनच्या गतीने उघडझाप करणारी एक छोटी कळ. ती मिटलेली असताना कॉइलच्या गाभ्यात चुंबकक्षेत्र साठते. ती उघडताच प्रवाह तुटतो, चुंबकक्षेत्र एकदम कोसळते, आणि प्राथमिक वेटोळ्यात दोन-तीनशे व्होल्टचा दाब निर्माण होतो. दुय्यम वेटोळ्यात त्याच्या शंभर पट, म्हणजे वीस-तीस हजार व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. डिस्ट्रिब्यूटरचा फिरता रोटर हा दाब ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या प्लगकडे पाठवतो.

पॉइंटजवळ एक छोटा कंडेन्सर जोडलेला असतो. तो नसेल तर प्रवाह तुटण्याऐवजी पॉइंटच्या फटीतच ठिणगी होऊन वाहत राहील. चुंबकक्षेत्र सावकाश कोसळेल आणि प्लगची ठिणगी दुबळी होईल. प्रवर्तन कॉइलला कंडेन्सर जोडण्याची ही युक्ती फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो यांनी १८५३ साली सुचवली होती.

हे सारे किती वेगाने घडते पाहा. चार-स्ट्रोक एंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते. तीन सिलिंडरना दोन फेऱ्यांत तीन, म्हणजे एका फेरीत दीड. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे, म्हणून सेकंदाला ७५ ठिणग्या! वीस मिनिटांच्या प्रवासात नव्वद हजार. एवढ्या वेळा पॉइंट उघडतात आणि मिटतात.

न केलेले गणित

आता माझ्या सल्ल्याकडे वळू. तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो हे खरेच आहे. दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. अशा कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध साधारण ३ ओहम धरू. थंड असताना प्रवाह १२ ÷ ३ = ४ अँपिअर. कॉइल ५० अंशांनी तापली तर रोध २० टक्क्यांनी वाढून ३.६ ओहम होईल आणि प्रवाह ३.३ अँपिअरवर येईल. साठवलेली ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ३.३ भागिले ४ याचा वर्ग सुमारे ०.६९. म्हणजे ठिणगीची ऊर्जा सुमारे तीस टक्क्यांनी घटेल.

तीस टक्के घट ही थोडी नव्हे. पण ती हळूहळू होईल आणि ठिणगी उरेलच. एंजिन कदाचित जोर कमी देईल. ते एका क्षणात बंद पडण्याचे कारण यातून मिळत नाही. कॉइलच्या आत तार तुटली किंवा तिचे आवरण जळाले, तर गोष्ट वेगळी. पण त्यासाठी पुरावा हवा. माझ्याकडे पुरावा नव्हता, नुसता नियम होता. नियम खरा, गणित न केलेले, आणि निष्कर्ष चुकीचा. वर्गात मी विद्यार्थ्यांचे याच चुकीबद्दल गुण कापतो!

काकांचे निरीक्षण

नवी कॉइल बसवूनही गाडी बंद पडली तेव्हा ड्रायव्हरकाका म्हणाले, “सर, मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. गाडी आचके देत नाही, मिसिंग मारत नाही. कोणी चावी फिरवून बंद करावी तशी बंद पडते.”

हे वाक्य मी पूर्वीही ऐकले होते, पण त्याकडे लक्ष दिले नव्हते. आता विचार करू. पेट्रोल कमी पडू लागले की एंजिन सहसा एकदम थांबत नाही. कार्बोरेटरच्या कपात थोडे पेट्रोल शिल्लक असते. ते संपेपर्यंत एंजिन आचके देते, जोर हरवते, मग थांबते. नळीत पेट्रोलची वाफ धरली तरी असेच होते. याउलट ठिणगी गेली तर पुढच्याच फेरीपासून काही पेटत नाही. म्हणजे काकांचे निरीक्षण पेट्रोलकडे नव्हे तर ठिणगीकडे बोट दाखवत होते. कार्बोरेटरची सफाई सुरुवातीलाच अनाठायी होती!

तरीही हे अनुमानच झाले. ते पडताळून पाहायचे तर कधी? येथेच साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. आतापर्यंतची प्रत्येक तपासणी गॅरेजमध्ये, गाडी थंड असताना झाली होती. त्या वेळी गाडीत दोष नसायचाच! रुग्णाला ताप नसताना तापमापक लावून काय उपयोग? दोष हजर असेल तेव्हाच त्याची परीक्षा घेतली पाहिजे, आणि तो हजर राहणार जेमतेम दहा-पंधरा मिनिटे. म्हणून कोणती परीक्षा कोणत्या क्रमाने घ्यायची ते आम्ही आधीच कागदावर लिहून काढले.

मैदानावरील चार परीक्षा

एका रविवारी महाविद्यालयाच्या मैदानावर गाडी सुरू करून आम्ही घड्याळ लावून बसलो. मिस्त्री हत्यारे घेऊन, काका चावीपाशी, मी कागद घेऊन. सत्ताविसाव्या मिनिटाला एंजिन थांबले. गाडी बंद पडली म्हणून मला आनंद झाला, असा हा आयुष्यातील पहिलाच प्रसंग!

पहिली परीक्षा: पेट्रोल की ठिणगी? मिस्त्रींनी एका प्लगची वायर काढून ती जादा प्लगला लावली, त्या प्लगचे अंग एंजिनला टेकवून पक्के केले, आणि काकांनी सेल्फ मारला. ठिणगी नाही. म्हणजे पेट्रोल निर्दोष.

दुसरी परीक्षा: दोष कॉइलच्या पुढे की मागे? तोच प्लग कॉइलमधून येणाऱ्या मधल्या वायरला लावला. तरीही ठिणगी नाही. म्हणजे रोटर, कॅप आणि प्लगच्या वायरी यांच्याकडे पाहण्याची गरज उरली नाही. दोष कॉइलमध्ये किंवा तिच्या मागे.

तिसरी परीक्षा: कॉइलपर्यंत वीज येते का? येथे १२ व्होल्टचा ५ वॅटचा साधा बल्ब वापरला. त्याचे एक टोक कॉइलच्या धन अग्राला, दुसरे एंजिनच्या धातूला. बल्ब लागला. म्हणजे बॅटरी, चावी आणि तेथवरची तार ठीक.

चौथी परीक्षा सर्वांत बोलकी. बल्बचे टोक आता कॉइलच्या ऋण अग्राला, म्हणजे पॉइंटकडे जाणाऱ्या बाजूला लावले. येथे काय दिसायला हवे? पॉइंट उघडे असताना प्रवाह कॉइलमधून बल्बमध्ये जाईल. बल्बचा रोध सुमारे २९ ओहम आणि कॉइलचा ३, म्हणून बहुतेक विभवांतर बल्बलाच मिळून तो लागेल. पॉइंट मिटताच प्रवाहाला बल्बपेक्षा सोपी वाट मिळेल आणि बल्ब विझेल. म्हणजे सेल्फ मारताना बल्ब लुकलुकला पाहिजे. सेल्फवर एंजिन मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे घेते, तेव्हा सेकंदाला पाचेक वेळा. डोळ्यांना सहज दिसेल असे.

बल्ब लुकलुकला नाही. तो लागलेलाच राहिला.

याचा अर्थ लावू या. बल्ब लागला, म्हणजे प्रवाह प्राथमिक वेटोळ्यातून येत आहे. ते तुटलेले नाही. कंडेन्सर आतून एकमेकांस चिकटला असता तर बल्ब विझलेला राहिला असता, तसेही नाही. तो विझत नाही याचा एकच अर्थ: पॉइंटमधून अर्थला जाणारी वाट मिटतच नाही. मिस्त्रींनी कॅप काढून पाहिले. पॉइंट तर नीट उघडत-मिटत होते, त्यांचे पृष्ठभागही स्वच्छ होते. मग उरले काय? डिस्ट्रिब्यूटरच्या आत, बाहेरच्या अग्रापासून पॉइंटपर्यंत जाणारी पाच-सहा सेंटिमीटरची एक बारीक तार. बस्स!

तेवढ्यात बल्ब लुकलुकू लागला आणि एंजिन सुरू झाले. दोष निघून गेला होता. पण आता तो सापडलेला होता.

बोटभर तारेची करामत

ती तार बाहेरून धडधाकट दिसत होती. मिस्त्रींनी ती काढून दोन्ही टोके धरून हलकेच ओढली, तर ती एका जागी रबरासारखी ताणली गेली. आतल्या तांब्याच्या तारा तुटलेल्या होत्या. टोके एकमेकांना धरून होती ती केवळ वरच्या आवरणामुळे.

हे का झाले? या डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंट ज्या तबकडीवर बसवलेले असतात ती स्थिर नसते. ॲक्सिलरेटर कमीजास्त केला की ठिणगीची वेळ थोडी मागेपुढे करण्यासाठी ती तबकडी थोडीशी फिरते, आणि प्रत्येक वेळी तार वाकते. लोखंडी तार पुनःपुन्हा वाकवून तुम्ही तोडली असेल; तेच येथे वर्षानुवर्षे चालू होते.

आणि तापल्यावरच दोष का? आम्ही ती तार मीटरला जोडली. थंड असताना रोध जवळजवळ शून्य. गॅरेजमध्येही हेच दिसले असते. मग केस वाळवण्याच्या यंत्राने गरम हवा सोडली. थोड्याच वेळात मीटरचा काटा दुसऱ्या टोकाला गेला: मंडल खंडित! तांब्यापेक्षा प्लॅस्टिकचे आवरण उष्णतेने अधिक प्रसरण पावते आणि मऊही होते. त्यामुळे तुटलेली टोके दशांश मिलिमीटरएवढी दूर सरकत. थंड झाले की पुन्हा टेकत. गंमत पाहा: प्लगची पाऊण मिलिमीटरची फट वीस हजार व्होल्ट सहज ओलांडतात, पण त्या वीस हजारांचा जन्म ज्या बारा व्होल्टांतून होतो त्यांना केसाएवढीही फट ओलांडता येत नाही.

दुरुस्तीचा पुरावा

मिस्त्रींनी अनेक बारीक तारांची, लवचीक, तितक्याच लांबीची नवी तार बसवली. खर्च अगदी किरकोळ. पण आता आम्ही शहाणे झालो होतो. पूर्वीच्या प्रत्येक दुरुस्तीनंतरही गाडी चार दिवस चालली होतीच! तेव्हा नुसते ‘चालली’ हा पुरावा नव्हे.

म्हणून दोन गोष्टी केल्या. एक, मी दोषी ठरवलेली जुनी कॉइल मुद्दाम परत बसवली. दुसरी, मैदानावर गाडी सलग दोन तास चालू ठेवली. ती थांबली नाही. नंतर काकांनी रिकामी गाडी घाटातून तीन वेळा वरखाली नेली, तेही भर दुपारी. एकदाही बंद पडली नाही. तेव्हाच प्राचार्यांना कळवले. जूनमध्ये शाळा उघडल्यावर दौरे सुरू झाले. जुनी कॉइल आजही गाडीत आहे. नवी माझ्या टेबलावर आहे. घाईने निष्कर्ष काढावासा वाटला की मी तिच्याकडे पाहतो.

आजच्या गाड्यांत पॉइंट नसतात. त्यांचे काम ट्रान्झिस्टर आणि संगणक करतात, आणि बहुधा प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असते. परंतु ठिणगी अजूनही फॅरडे यांच्या नियमानेच उडते. एंजिनची गती ओळखणारा संवेदक त्यांतही कधी कधी तापल्यावर रुसतो आणि थंड झाल्यावर सुरळीत होतो. साधने बदलली, तरी शोधण्याची रीत तीच राहते.

वर्गात करून पाहा

गाडीच्या कॉइलवरील परीक्षा मात्र तुम्ही स्वतः करू नका. तेथे हजारो व्होल्ट असतात आणि जवळच पेट्रोलची वाफ असू शकते. ते काम जाणत्या माणसाचे. वर्गात करता येतील असे दोन प्रयोग सांगतो.

१. शिक्षकांच्या देखरेखीखाली, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या वेटोळ्याला एक निऑन दर्शक दिवा जोडा. हे वेटोळे घरातील विजेला मुळीच जोडायचे नाही. त्याला ६ व्होल्टची बॅटरी कळीतून जोडा. कळ दाबताना दिवा लागत नाही. सोडताना क्षणभर चमकतो. निऑनला पेटायला साठाहून अधिक व्होल्ट लागतात. ते कोठून आले? उघड्या टोकांना हात मात्र लावू नका; झटका बसेल.

२. शिक्षकांनी तारेचे आठ तुकडे एकापुढे एक जोडून बॅटरी व बल्ब यांचे मंडल करावे. त्यांपैकी एका तुकड्याची तार आवरणाच्या आत, बाहेरून दिसणार नाही अशी, तोडून ठेवावी. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या बल्बने दोष शोधावा. एकेक तुकडा तपासत गेल्यास सात परीक्षा लागू शकतात. पण पहिली परीक्षा बरोबर मध्यावर घेतली, तर आठांचे चार, चारांचे दोन आणि दोनांचा एक: तीन परीक्षांत दोष सापडतो.

आता विचार करा: तुकडे चौसष्ट असतील, तर किती परीक्षा पुरतील? आणि तुटलेला तुकडा फक्त तापल्यावरच खंडित होत असेल, तर पहिली परीक्षा घेण्यापूर्वी तुम्ही काय कराल?